नाकाची शस्त्रक्रिया, लूक टेस्ट आणि एकांकिकेची तालीम : दिग्दर्शकाने बोलावे की गप्प राहावे?

तिसरी_घंटा (प्रश्न)

नमस्कार. मी पुण्यातील एका महाविद्यालयाच्या नाट्यमंडळासाठी एकांकिका बसवतो. शिकत असताना याच मंडळात काम केले. आता नोकरी सांभाळून संध्याकाळी तालमीला जातो. पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेची प्राथमिक फेरी तोंडावर आली आहे. यंदाच्या संहितेत वडिलांच्या आजारपणामुळे गावातल्या दूध संकलन केंद्राचा हिशेब हाती घेणारी थोरली बहीण मध्यवर्ती आहे, आणि ती भूमिका करणारी मुलगी वीस वर्षांची आहे. इतक्या ताकदीने रंगमंचावर उभे राहणारे दुसरे कोणी आमच्या मंडळात गेल्या काही वर्षांत मी पाहिलेले नाही.

अलीकडे तिच्या हालचालींत एक बदल दिसू लागला. दुसऱ्या प्रसंगात ती दुधातील फॅट मोजण्याच्या यंत्रापासून उजव्या विंगेकडे जाता जाता धाकट्या भावाशी बोलते, त्यामुळे तिच्या चेहऱ्याची डावी बाजू प्रेक्षकांना दिसते. पूर्वी ती ठरलेल्या ब्लॉकिंगप्रमाणे, म्हणजे रंगमंचावरील हालचालींच्या आखणीप्रमाणे, सरळ चालत जायची. आता चार पावले टाकते न टाकते तोच पुन्हा समोर वळते, नाहीतर हातातली हिशेबाची वही तोंडाजवळ धरते. वारंवार सांगूनही ते सुटेना, तेव्हा तालीम संपल्यावर तिला बाजूला घेऊन विचारले.

ती एका मालिकेच्या लूक टेस्टला, म्हणजे भूमिकेला चेहरा शोभतो का हे कॅमेऱ्यासमोर पाहण्याच्या चाचणीला, जाऊन आली होती. तेथे पात्रनिवड पाहणाऱ्या व्यक्तीने सांगितले की अभिनय उत्तम आहे, पण प्रोफाइल (बाजूने दिसणारा चेहरा) कॅमेऱ्याला जड जाते, ‘काहीतरी करून घे, मग बघू’. तिच्या नाकाच्या दांड्यावर वडिलांसारखा थोडा उंचवटा आहे. तिने एका क्लिनिकमध्ये चौकशी केली आहे, हप्त्यांवर पैसे भरायला घरचे तयार आहेत, आणि प्राथमिक व अंतिम फेरीच्या मधल्या दिवसांत शस्त्रक्रिया ‘आरामात’ उरकता येईल, असे तिला त्या क्लिनिकमधून सांगण्यात आले आहे.

मी तिचा पालक नाही आणि ती सज्ञान आहे, त्यामुळे या बाबतीत तोंड उघडण्याचा मला अधिकार आहे का, हेच मला कळत नाही. दोन फेऱ्यांच्या मध्ये हे वैद्यकीयदृष्ट्या शक्य आहे का, तेही जाणकारांनी सांगावे. आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर एकमेकांच्या वजनावरून, रंगावरून, उंचीवरून टोपणनावे पडलेली आहेत आणि सगळे ती हसून घेतात. पात्रयोजनेच्या वेळी ‘ही लीड दिसत नाही’ (मुख्य भूमिकेला शोभत नाही) हे वाक्यही सर्रास वापरले जाते. या वातावरणाचा आणि तिच्या निर्णयाचा संबंध आहे, असे मला वाटते. परंतु तो कोठून आणि कसा तोडावा, हे सुचत नाही.

---

गोदाकाठ

मी प्लॅस्टिक सर्जन आहे, म्हणून आधी वैद्यकीय प्रश्नाचे उत्तर देतो. दोन फेऱ्यांच्या मध्ये ही शस्त्रक्रिया करू नये. ‘आरामात’ हा शब्द ज्याने वापरला, त्याने त्या मुलीला प्रयोग करायचा आहे हे बहुधा विचारलेलेच नाही.

नाकाचा उंचवटा कमी करताना हाड आणि कूर्चा तासावी लागते आणि बहुतेक वेळा दोन्ही बाजूंची हाडे कापून आत सरकवावी लागतात. त्यानंतर साधारण आठवडाभर नाकावर आधारपट्टी असते. डोळ्यांखालचे काळेनिळे डाग ओसरायला दोन आठवडे जातात, आणि चार ते सहा आठवडे धावणे, जड उचलणे, नाकाला धक्का लागेल असे काहीही करणे टाळावे लागते. एकांकिकेत ढकलाढकलीचा एखादा जरी प्रसंग असला, तरी हा मुद्दा गंभीर आहे. सूज मात्र पुष्कळ काळ रेंगाळते. विशेषतः शेंड्याची सूज उतरून नाकाचा अंतिम आकार दिसायला वर्ष लागू शकते. वरचा ओठ काही आठवडे ताठ आणि बधिर राहतो. नटाच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय होतो, हे मी सांगण्यापेक्षा येथील रंगकर्मी अधिक चांगले सांगतील.

श्वासाचाही विचार करावा लागतो. नाक बारीक करण्याच्या नादात आतला मार्ग अरुंद झाला, तर नाकाने श्वास घेणे जड होते. आवाजातला बदल बहुतेकांच्या बाबतीत इतका किरकोळ असतो की घरच्यांच्याही लक्षात येत नाही. तरीही ज्यांची भाकरी आवाजावर आहे, अशा गायकांना आणि नटांना ही शक्यता मी आधी सांगतो आणि कागदावर नोंदवून ठेवतो. काही रुग्णांना दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करून घ्यावी लागते, आणि ती पहिल्यापेक्षा अवघड असते.

शस्त्रक्रियेला पर्याय म्हणून ‘सुई टोचून नाक सरळ’ अशी जाहिरात तिच्या मोबाइलवर आलेली असण्याची शक्यता मोठी आहे. त्यात उंचवट्याच्या वर-खाली फिलर, म्हणजे त्वचेखाली टोचायचा भराव, भरून रेषा सरळ भासवतात. हे काम अर्ध्या तासाचे असल्याने निरुपद्रवी वाटते. परंतु नाकाच्या परिसरातील रक्तवाहिनीत फिलर गेले, तर त्वचा मरू शकते आणि क्वचित प्रसंगी दृष्टीही कायमची जाऊ शकते. फिलरसाठी नाक ही चेहऱ्यावरील सर्वाधिक धोक्याच्या जागांपैकी एक आहे.

आता कॅमेऱ्याविषयी. हल्ली पहिली चाळणी सेल्फ टेस्टवर होते, म्हणजे मुले हातभर अंतरावर मोबाइल धरून स्वतःचे चित्रण पाठवतात. अमेरिकेतील शल्यचिकित्सकांनी २०१८ साली गणिती प्रतिकृती वापरून दाखवून दिले की साधारण ३० सेंटिमीटरवरून काढलेल्या छायाचित्रात नाकाचा पाया, दीड मीटरवरून काढलेल्या छायाचित्राच्या तुलनेत, जवळजवळ ३० टक्के रुंद भासतो. माझ्याकडे येणारी निम्मी मुले नाक दाखवायला मोबाइल पुढे करतात. मी तो बाजूला ठेवून त्यांना समोर बसवतो. तिने पुढची सेल्फ टेस्ट मोबाइल तिपाईवर ठेवून, लांबून आणि झूम वापरून करावी. त्याने उंचवटा जाणार नाही, पण परीक्षा तरी खऱ्या नाकाची होईल.

थोडे अवांतर वाटेल, परंतु पुण्याचा संबंध असल्यामुळे सांगतो. १७९४ साली लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये कावसजी नावाच्या मराठा बैलहाक्याची हकिगत छापून आली. इंग्रज सैन्याबरोबर असताना तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभर तो नाकाविना राहिला, आणि नंतर पुण्याजवळ वीटभट्टीचे काम करणाऱ्या जातीतील एका जाणकाराने कपाळाची त्वचा फिरवून त्याचे नवे नाक बसवले. तो वृत्तांत वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यविशारदाने पुढे तीच पद्धत लंडनमध्ये वापरली, आणि युरोपात नाकाच्या पुनर्रचनेला नवी चालना मिळाली. म्हणजे आमची शाखा गेलेले नाक परत देण्यातून वाढली. असलेले नाक बदलून देण्याचे काम मी कमी प्रतीचे मानत नाही, तेही करतो. मात्र दोन्हीकडे रुग्णाला विचारायचे प्रश्न वेगळे असतात.

ते प्रश्न असे. नाकाचा विचार दिवसातून किती वेळ मनात असतो? त्यापायी कोठे जाणे, फोटो काढणे, कोणाशेजारी बसणे टाळता का? ते लपवण्यासाठी काही करता का? आपण सांगितलेली वहीची गोष्ट म्हणूनच मला महत्त्वाची वाटते. एका टोमण्यानंतर काही आठवडे संकोच वाटणे स्वाभाविक आहे. पण रोजचे तास-दोन तास त्यातच जात असतील आणि इतरांना जेमतेम दिसणारी खोट तिला भयंकर वाटत असेल, तर तो शरीरप्रतिमेचा मानसिक आजार असू शकतो. त्यात शस्त्रक्रियेने समाधान मिळत नाही. समुपदेशनाने आणि गरज पडल्यास औषधांनी मिळते. मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्याचा संकोच असेल, तर शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तेथे मराठीतूनही बोलता येते. निदान आपण करू नये, मीही येथून करत नाही.

शेवटी पात्रता पाहावी. एम.एस.नंतर प्लॅस्टिक सर्जरीतील एम.सीएच. किंवा डीआरएनबी ही अतिविशेष पदवी, अथवा नाकाच्या शस्त्रक्रियेपुरते बोलायचे तर त्यात अनुभव असलेला कान-नाक-घसा तज्ज्ञ; आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेची नोंदणी. काही महिन्यांची कॉस्मेटॉलॉजीची पदविका म्हणजे शल्यचिकित्सेचे शिक्षण नव्हे.

---

मोगरी

मी नाकाची शस्त्रक्रिया तेविसाव्या वर्षी करून घेतली आहे आणि मला तिचा पश्चात्ताप नाही, हे आधीच सांगते, कारण अशा चर्चेत शस्त्रक्रिया केलेल्या मुलीने रडतच यावे अशी अपेक्षा असते.

मला माझे नाक शाळेपासून नको होते. नाटकाशी त्याचा संबंध नव्हता, कोणाच्या सांगण्यावरून मी गेले नाही आणि पैसे माझे होते. गोदाकाठ यांनी ओठाविषयी लिहिले आहे, त्यात भर घालते. प, ब, म ही अक्षरे मला दीड-दोन महिने नीट लावता येत नव्हती. हसू अर्धवट यायचे, वरचा ओठ उचललाच जायचा नाही. त्या काळात एका वाचनाला बसले, तर समोरच्यांना मी रागावलेली वाटले. शिंक आली की तोंड उघडून शिंकायचे, उशांना टेकून झोपायचे, चष्मा नाकावर ठेवायचा नाही. हे सगळे तात्पुरते होते आणि ते मला आधी सांगितलेलेही होते. दोन फेऱ्यांच्या मध्ये हे करून अंतिम फेरीत उभे राहणे मात्र केवळ अशक्य आहे.

कामांचे म्हणाल, तर कामे त्यामुळे वाढली नाहीत. त्यानंतरच्या पहिल्याच लूक टेस्टला मला जबड्याविषयी सांगण्यात आले, आणि त्यापुढच्या ठिकाणी ‘शेतकरी घरातली मुलगी हवी आहे, तुम्ही फार शहरी दिसता’ असे उत्तर मिळाले. मी शस्त्रक्रिया कामासाठी केली नव्हती, म्हणून ते मला पचले. तुमच्या नटीला एकच विचारा, आणि तेही ती स्वतः बोलेल तेव्हाच : त्या मालिकेचे नाव पुसून टाकले, तरी तिला हे करायचे आहे का?

तिच्या शरीराविषयी तिला समजवायला मात्र जाऊ नका. ‘तू आहेस तशीच सुंदर आहेस’ हे वाक्य मला ज्यांनी ऐकवले, त्यांनी तोवर माझ्या नाकाकडे नीट पाहिले असल्याचे मला तेव्हाच कळले.

---

रंगपट

मी व्यावसायिक आणि प्रायोगिक, दोन्ही रंगभूमींवर काम केले आहे आणि आता शिबिरे घेते. मोगरीने लिहिलेले पटते, परंतु तिसरी_घंटा यांच्या प्रश्नातला दिग्दर्शनाचा भाग कोणी हाताळलेला नाही, म्हणून लिहिते.

ती हालचाल बदलू नका. मुलीला संकोच वाटतो म्हणून तुम्ही तिचे जाणे डाव्या विंगेकडे केलेत, तर त्या मालिकावाल्याच्या मताला तुमच्या एकांकिकेत अधिकृत जागा मिळेल. वहीविषयी बोलायचे ते कामाच्या भाषेत बोला : येथे थोरली बहीण भावाला टाळत नाही, ती त्याला हिशेबातली चूक दाखवते आहे, वही तोंडाजवळ नेल्यावर तिचा दरारा जातो आणि वाक्य विंगेत पडते. हे तुम्हाला बोलायचा पूर्ण अधिकार आहे. नाकाविषयी बोलायचा नाही, स्तुतीनेही नाही.

आता ‘लीड दिसत नाही’ या वाक्याविषयी. आपल्या रंगभूमीच्या इतिहासात हे वाक्य टिकतच नाही. मराठी प्रेक्षकाला स्त्रीच्या सौंदर्याचे परिमाण ज्यांनी दिले, ते बालगंधर्व, म्हणजे १८८८ साली जन्मलेले नारायण श्रीपाद राजहंस, पुरुष होते. घरंदाज बायका त्यांचे पातळ नेसणे आणि दागिने घालणे पाहून तशा नटत. पुढे वय झाले, देह सुटला, तरीही ते रुक्मिणी आणि सिंधू या नायिकांच्या भूमिका करत राहिले, आणि लोक तिकीट काढून येत राहिले. तो भास रंगभूषेने, चालीने, पदराच्या सावरण्याने आणि मुख्य म्हणजे गळ्याने निर्माण झालेला होता. १९७२ साली विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’ या नाटकातला सखाराम निळू फुले यांनी उभा केला. त्यांचा चेहरा आजच्या लूक टेस्टला पाठवला, तर काय शेरा येईल याची कल्पना करा. ऐंशीच्या दशकात ग्रिप्स या जर्मन बालनाट्य चळवळीची पद्धत पुण्यात आली, तेव्हा मोठी माणसे हाफ पँट घालून लहान मुले झाली, आणि समोर बसलेल्या खऱ्या लहान मुलांना त्यात काही खटकले नाही. पुण्याच्या भरत नाट्य मंदिर या नाट्यगृहाच्या दहाव्या रांगेतून नाकाच्या दांड्यावरचा उंचवटा दिसत नाही. खांदे कसे धरले आहेत, ते दिसते.

हे सगळे खरे असले, तरी कॅमेऱ्याला मी तुच्छ लेखणार नाही. रंगभूमीवर राहून घरभाडे निघत नाही, मालिकेतून निघते, आणि तेथे क्लोजअप असतो. म्हणून व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगते. मालिकांचे रंगभूषाकार नाकाच्या दोन्ही कडांना गडद आणि मध्ये उजळ छटा देऊन दांडा रोज सरळ करतात. त्या व्यक्तीला हे ठाऊक नसेल, असे मला वाटत नाही. मग शस्त्रक्रियेचा सल्ला देण्याचे कारण काय? बहुधा नकार द्यायचा होता आणि हाताशी एक कारण हवे होते. दुसरे असे की ‘करून घे, मग बघू’ यात काम देण्याचे वचन नाही. कर्जाचे हप्ते मात्र लेखी असतील.

चेहऱ्याचे स्नायू हे आपले हत्यार आहे, म्हणून आणखी एका गोष्टीविषयी सावध करते. कपाळावरची आठी जावी म्हणून हल्ली पंचविशीच्या आतली मुले बोटॉक्स घेऊन तालमीला येतात. ते औषध मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा संदेश तीन-चार महिने अडवून ठेवते. शिबिरात एका मुलीला मी भीती दाखवायला सांगितले. डोळे विस्फारले, श्वास अडकला, आणि भुवया होत्या तेथेच राहिल्या. तिची मेहनत खरी होती, पण समोरून पाहणाऱ्याला ती खोटी वाटत होती.

आणि संहिताही तपासा. दरवर्षी एकांकिकांतून एक जाडी मैत्रीण असते, जिच्या तोंडी खाण्यावरचे विनोद असतात. एक सावळी मुलगी असते, जी मोलकरीण किंवा आदिवासी होते. एक बुटका मुलगा असतो, जो प्रेमात पडला की हशा पिकतो. प्रेक्षागृहात आपापल्या महाविद्यालयासाठी ‘आव्वाज कुणाचा’ अशा घोषणा देणारी पोरे त्या विनोदांना शिट्ट्या देतात, म्हणून लेखक पुढच्या वर्षी तेच लिहितो. ज्या पुरुषोत्तम स्पर्धेत १९६३ पासून नेपथ्याच्या झगमगाटापेक्षा लेखन, दिग्दर्शन आणि अभिनय यांकडे पाहिले जाते, तेथे तरी हे हशे कापायला हरकत नसावी.

---

तळजाई

मुलांविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. ऐतिहासिक मालिकांमुळे ‘मावळ्याची बॉडी’ हा आता निवडीचा निकष झाला आहे, जणू काही सतराव्या शतकातला नाचणी-भाकरी खाणारा शिपाई छाती फुगवूनच गड चढत होता. माझ्या बरोबरच्या काही मुलांनी व्यायामशाळेतल्या प्रशिक्षकाच्या सांगण्यावरून स्टेरॉइडची इंजेक्शने घेतली. दंड भरले, त्याचबरोबर पाठीवर मुरमे आली, आणि एकाच्या छातीला स्तनांसारखी वाढ झाली. ती काढण्यासाठी तो आता शस्त्रक्रियेची चौकशी करतो आहे. आपल्या बापाला हे सांगण्यापेक्षा त्याला कर्ज काढणे सोपे वाटते.

केस हा दुसरा विषय. पंचविशीतच केशरोपण करून घेणाऱ्यांनी राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये काढलेली सूचना वाचावी. कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून हे काम शिकता येत नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. असे लिहिण्याची वेळ आयोगावर आली, यावरून बाजारात काय चालते ते समजावे.

गोऱ्या रंगाच्या मलमांविषयीही एक सांगतो. औषधाच्या दुकानातून आणलेले, स्टेरॉइड असलेले मलम आमच्या मंडळात मुले-मुली पावडरीसारखे वापरत होती. पहिल्या महिन्यात चेहरा उजळतो. पुढे त्वचा पातळ होते, लाल पडते, मुरमे आणि लव येते, आणि मलम सोडले की आग होते. शासनाने २०१८ साली अशी मलमे चिठ्ठीशिवाय विकण्याची पळवाट बंद केली, परंतु आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराने ती बातमी वाचलेली दिसत नाही.

---

वऱ्हाडी_मास्तर

मी महाविद्यालयात शिकवतो आणि रॅगिंगविरोधी समितीवर काम केले आहे. व्हॉट्सॲप गटावरील टोपणनावे ‘सगळे हसून घेतात’ म्हणून निरुपद्रवी ठरत नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या रॅगिंगविरोधी विनियमांत २०१६ साली केलेल्या दुरुस्तीत रंग, जात, धर्म, लिंग, भाषा यांच्याबरोबरच रूपावरून केलेला शारीरिक वा मानसिक छळही स्पष्टपणे रॅगिंगमध्ये धरला आहे. नाट्यमंडळ महाविद्यालयाचे आहे, तेव्हा तालमीची खोलीही त्यात येते आणि आपला गटही येऊ शकतो. आपण विद्यार्थी नसून बाहेरून येणारे दिग्दर्शक आहात, म्हणून आपली जबाबदारी अधिकच वाढते.

लगेच तक्रारी करा, असे मी म्हणत नाही. आपल्याकडे तालमीतील शिव्या आणि टोपणनावे हा नट घडवण्याचा मार्ग मानला जातो आणि जुने दिग्दर्शक तो अभिमानाने सांगतात. त्यांच्या हाताखाली जे टिकले, तेच हे सांगायला उरले आहेत. जे पहिल्या महिन्यात निघून गेले, त्यांची हकिगत कोणी विचारत नाही.

शस्त्रक्रियेबद्दल एकच गोष्ट जोडतो. मे २०२२ मध्ये बेंगळुरूत चेतना राज ही २१ वर्षांची कन्नड मालिकांतील अभिनेत्री चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर दगावली. घरच्यांना आधी कल्पना दिलेली नव्हती, अशा बातम्या आल्या होत्या. आपल्या विद्यार्थिनीच्या घरच्यांना सर्व ठाऊक आहे आणि ती आपल्याशीही बोलली आहे, ही जमेची बाजू आहे. आपण रागावलात किंवा उपदेश केलात, तर पुढच्या वेळी ती कोणालाही न सांगता जाईल.

---

तिसरी_घंटा

सर्वांचे मनापासून आभार. रंगपट यांनी सुचवल्याप्रमाणे वहीविषयी फक्त कामाच्या भाषेत बोललो. ती लगेच सुधारली असे नाही. आता वही खाली असते, पण वळणे अजून घाईचे होते. ब्लॉकिंग आहे तसेच ठेवले आहे. गोदाकाठ यांचा प्रतिसाद मी तिला वाचायला दिला, आणि सूज उतरायला वर्ष लागू शकते हे वाचून ती बराच वेळ गप्प राहिली, कारण क्लिनिकमध्ये तिला दोन आठवडे सांगितले होते. अंतिम फेरीपर्यंत काही करायचे नाही, असे तिने स्वतःहून ठरवले आहे. त्यानंतरचे तिने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

गटावरची टोपणनावे बंद केली. दोघांनी ‘आता नाटकातही बोलायची चोरी’ अशी कुरकुर केली. त्यांना वऱ्हाडी_मास्तरांचा परिच्छेद दाखवला. संहितेत चार हशे होते, त्यांपैकी तीन कापले. चौथ्याला लेखक तयार नाही, त्यावर वाद चालू आहे.

आता एक अडचण उरली आहे. क्लिनिकने तारीख राखून ठेवण्यासाठी तिच्याकडून आगाऊ रक्कम घेतली आहे, आणि ती परत मिळणार नाही असे तोंडी सांगितले आहे. त्या रकमेपायी शस्त्रक्रिया करून टाकावी, असे तिच्या वडिलांना वाटू लागले आहे.

---

गोदाकाठ

वडिलांना माझ्या वतीने सांगा की आगाऊ रक्कम भरली म्हणजे संमती दिली असे होत नाही. भूल देण्याच्या क्षणापर्यंत रुग्ण नकार देऊ शकतो. प्रथम पावती पाहा. त्यावर रक्कम कशासाठी घेतली, शस्त्रक्रिया कोण करणार आणि त्या डॉक्टरचा नोंदणी क्रमांक काय, हे लिहिलेले आहे का ते तपासा. नसेल, तर तिने या तीन गोष्टी आणि रक्कम परत करण्याची अट लेखी मागावी. मागणी कागदावर आली की अनेकदा तोंडी सांगितलेले नियम सैल होतात. तरीही दाद मिळाली नाही, तर ग्राहक आयोगाकडे जाता येते, कारण पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते. आणि रक्कम बुडालीच, तर ती बुडू द्यावी. पुढे कधी तिला खरोखर शस्त्रक्रिया करावीशी वाटली, तर दुसऱ्या एखाद्या पात्र डॉक्टरचे मत घ्यावे, आणि पहिल्याच भेटीत आपण नटी आहोत हे त्यांना सांगावे.